मूल आजारी आहे, आज शाळेत पाठवायचं की नाही? नवीन आईबाबांसाठी

मूल पहिल्यांदा शाळेत जायला लागलं की पहिल्या वर्षात ज्या प्रश्नाने सगळ्यात जास्त डोकं खाल्लं जातं तो हाच. सकाळची घाई, डबा अर्धा भरलेला, बस यायला वीस मिनिटं, आणि पोरगं अंथरुणातून उठतच नाहीये, म्हणतंय बरं वाटत नाही. कपाळाला हात लावला तर गरम लागतंय असंही वाटतं आणि नाही असंही वाटतं. मग दोघं एकमेकांकडे बघतात की आज सुट्टी कोण टाकणार.

आधी एक सांगते, लहान मुलांना वर्षाला सहा ते आठ वेळा सर्दी होणं हे नॉर्मल आहे, आणि शाळेच्या पहिल्या वर्षात त्याहून जास्त वेळासुद्धा होते कारण एकदम इतक्या मुलांचे जंतू पहिल्यांदाच भेटत असतात. म्हणजे दर वेळी घरी ठेवलं तर अर्धं वर्ष घरीच जाईल, आणि दर वेळी पाठवलं तर स्वतःचं मूलही हाल सोसेल आणि वर्गातली बाकीचीही पडतील. त्यामुळे काहीतरी ठरलेली पद्धत पाहिजे, रोज सकाळी नव्याने भांडण नको. माझी दोन मुलं यातून गेलीयेत, मी चुकलेसुद्धा आहे, त्यातून आणि डॉक्टरांनी वेळोवेळी समजावलं त्यातून जी पद्धत बसली ती इथे पायरी पायरीने लिहितेय.

पायरी १: आजारी पडायच्या आधीच करून ठेवायची कामं

एक चांगला डिजिटल थर्मामीटर घ्या आणि तो कुठे ठेवलाय ते घरात सगळ्यांना माहीत पाहिजे. मुलाचं वजन दर दोनतीन महिन्यांनी करून कुठेतरी लिहून ठेवा, कारण मुलांचं तापाचं औषध वयावर नाही तर वजनावर ठरतं (पॅरासिटामॉल एका वेळी दर किलोला १० ते १५ मिलिग्रॅम, दोन डोसमध्ये निदान ४ ते ६ तासांचं अंतर) आणि बाटलीवर किती मिलिलीटरमध्ये किती मिलिग्रॅम आहे ते वाचल्याशिवाय देऊ नका, एकाच औषधाच्या दोन बाटल्यांमध्ये ते प्रमाण वेगळं असू शकतं. आपल्या मुलाचा डोस डॉक्टरांकडून एकदा लिहूनच घ्या.

शाळेचे आजारपणाचे नियम प्रवेशाच्या वेळी जे कागद मिळतात त्यात असतात, ते आपण सही करून ठेवून देतो आणि वाचत नाही. वाचा. ताप गेल्यावर किती तासांनी घेतात, उलटी जुलाबाला किती दिवस, डॉक्टरांची चिठ्ठी कधी लागते, शाळेत औषध देतात का, हे प्रत्येक शाळेत वेगळं असतं, आणि मी खाली जे लिहितेय त्यापेक्षा तुमच्या शाळेचा नियम कडक असेल तर तोच पाळायचा.

आणि सगळ्यात महत्त्वाचं, मूल घरी राहिलं तर कोण थांबणार हे आधीच ठरवा. मला तर वाटतं निम्मे चुकीचे निर्णय यामुळेच होतात. मूल आजारी आहे हे दिसत असतं पण थांबायला कोणी नाही म्हणून आपण मनाला समजावतो की एवढं काही नाहीये. थांबणारं माणूस ठरलेलं असलं की डोळ्याला खरं दिसायला लागतं.

पायरी २: अर्धा निर्णय आदल्या रात्रीच

सकाळी सात वाजता कोणालाच नीट विचार करता येत नाही. रात्री झोपवताना तीन गोष्टी बघून ठेवा, जेवलं का, खेळलं का, आणि अंग कसं लागतंय. तिन्ही बिघडलेलं असेल तर उद्या घरी असंच धरून चाला, ऑफिसला रात्रीच मेसेज टाका, बदली माणसाला रात्रीच सांगा. सकाळी मूल टुणटुणीत उठलं तर चांगलंच आहे, पण ठरवलेलं रद्द करणं सोपं असतं, ऐनवेळी ठरवणं अवघड.

रात्री ताप असला तर किती होता आणि औषध किती वाजता दिलं ते लिहून ठेवा. डोक्यात राहत नाही, खरंच नाही राहत, रात्री तीनला दिलं का दोनला यावरून आमच्याकडे वाद झालेत.

पायरी ३: सकाळी आधी मूल बघा, थर्मामीटर नंतर

उठल्या उठल्या सगळीच मुलं थोडी मलूल असतात म्हणून लगेच निकाल लावू नका. उठवा, शू करून येऊ दे, तोंड धुवू दे, थोडं पाणी पिऊ दे आणि दहा मिनिटं नुसतं लक्ष ठेवा. चालतंय कसं, बोलतंय का, आवडीचं काही दाखवलं तर डोळे चमकतात का, का परत येऊन मांडीत डोकं ठेवून पडतंय.

मग स्वतःला तीन प्रश्न विचारा. एक, हे मूल आज शाळेतला पूर्ण दिवस काढू शकेल का, म्हणजे बसणं, ऐकणं, मैदानावर जाणं, डबा खाणं. दोन, याच्याकडे टीचरना सतत बघावं लागेल का, दर दहा मिनिटांनी नाक पुसणं, बाथरूमला नेणं, कारण पंचवीस-तीस मुलांच्या वर्गात ते शक्य नसतं आणि मग आपल्याच मुलाची आबाळ होते. तीन, हे दुसऱ्यांना लागू नये म्हणून घरी ठेवण्यासारखं आहे का (साधी सर्दी यात येत नाही, कोणत्या लक्षणाला काय ते पायरी ६ मधे). तिन्हीपैकी एकाचंही उत्तर चुकीच्या बाजूला गेलं तर घरी ठेवायचं.

पहिल्या प्रश्नाचं वजन मी सगळ्यात जास्त धरते. ताप नसताना गळून गेलेलं मूल आणि ९९ असताना घरभर पळणारं मूल यात मला पहिल्याची काळजी जास्त वाटते.

पायरी ४: ताप मोजायचा, हाताने अंदाज नाही

काखेत लावत असाल तर काख कोरडी पुसून घ्या, टोक कपड्यात नाही तर कातडीला टेकलं पाहिजे, हात अंगाला घट्ट धरून बीप होईपर्यंत थांबा. नुकतंच जाड पांघरुणातून काढलंय किंवा गरम पाण्याने आंघोळ झालीये तर थोडं थांबून मोजा. तोंडात लावायचा असेल तर काही गरम गार प्यायल्यावर निदान अर्धा तास जाऊ द्या, आणि चारपाच वर्षांच्या खालच्या मुलांच्या तोंडात लावूच नका, ती नीट धरत नाहीत. काखेतला आकडा तोंडातल्यापेक्षा थोडा कमीच येतो हे लक्षात ठेवा.

१००.४ फॅरनहाइट म्हणजे ३८ सेल्सिअस. ही रेघ. इथून वर असेल तर शाळा नाही, मूल हसतंय खेळतंय तरी नाही.

९९ ते १००.४ च्या मधे असेल तर पायरी ३ वर परत जा. आणि इथे एक गोष्ट आहे जी मला खूप उशिरा कळली, शरीराचं तापमान सकाळी कमी आणि संध्याकाळी जास्त असतं, निरोगी माणसाचंसुद्धा. त्यामुळे रात्री १०२ होता आणि सकाळी ९९ झाला म्हणजे ताप गेला असं नाही, बऱ्याच वेळा तो फक्त सकाळ आहे म्हणून खाली आलेला असतो आणि दुपारी शाळेत परत चढतो. शाळेतून साडेअकराला येणाऱ्या फोनांमागे बऱ्याच वेळा हेच असतं.

पायरी ५: २४ तासांचा नियम, आणि औषध देऊन पाठवू नका

ताप आलेला असेल तर तापाचं औषध न देता पूर्ण २४ तास ताप नसला पाहिजे, मगच शाळा. औषध न देता, हे दोनदा वाचा.

उदाहरण घ्या. सोमवारी संध्याकाळी सहाला १०१ होता, औषध दिलं. रात्री दहाला ९८.६. मंगळवारी सकाळी सहाला पण नॉर्मल. आता मंगळवारी सकाळी पाठवायचं का? नाही. मंगळवार संध्याकाळपर्यंत औषधाशिवाय ताप आला नाही आणि रात्री पण आला नाही तर बुधवारी पाठवा.

पॅरासिटामॉल अर्ध्या ते एक तासात ताप खाली आणतं आणि चारसहा तास टिकतं, त्यामुळे सातला दिलेलं औषध अकरा बाराला उतरतं. मी हे केलंय म्हणून मनापासून सांगते. मुलगी पहिलीत होती, रात्री थोडा ताप होता, सकाळी औषध दिलं, खाली आला, त्या दिवशी मला सुट्टी मिळण्यासारखी नव्हती म्हणून पाठवली. बाराच्या आसपास फोन आला. मी पोचले तेव्हा ती बाकावर डोकं ठेवून पडली होती, अंग चटके बसतील इतकं तापलेलं, आणि मला बघून रडलीसुद्धा नाही, नुसती बघत राहिली. त्या आठवड्यात तिच्या शेजारी बसणारी दोन मुलं आजारी पडली. तिच्यामुळेच पडली असं कोणी म्हणालं नाही आणि ते सांगताही येणार नाही, पण त्यांच्या आया भेटल्या की मला मान वर करून बोलवत नव्हतं. औषध ताप दाबतं, आजार कमी करत नाही आणि दुसऱ्याला लागायचा थांबत तर अजिबात नाही.

अजून एक, मुलांना तापासाठी ॲस्पिरिन कधीच द्यायची नाही, मोठ्यांच्या औषधाच्या डब्यात ती असते म्हणून सांगते. फ्लू किंवा कांजिण्या असताना ती दिली तर राय सिंड्रोम नावाचा मेंदू आणि लिव्हरचा गंभीर आजार होऊ शकतो. आणि डेंगूची साथ चालू असेल तिथे आयब्युप्रोफेनही स्वतःच्या मनाने देऊ नका, त्याने रक्तस्रावाचा धोका वाढतो.

पायरी ६: कोणत्या लक्षणाला काय

सर्दी खोकला. नुसतं नाक गळतंय, ताप नाही, खातंय पितंय, पाठवा. शेंबूड हिरवा पिवळा झाला की लोक घाबरतात आणि अँटिबायोटिक मागायला जातात, पण साध्या व्हायरल सर्दीतसुद्धा दोनतीन दिवसांनी शेंबूड घट्ट आणि हिरवट होतोच, रंगावरून काही ठरत नाही. सर्दीनंतरचा खोकला दोनतीन आठवडे रेंगाळू शकतो, तो पूर्ण जाईपर्यंत घरी ठेवायची गरज नाही. मात्र खोकल्याची उबळ येऊन मूल लाल होतंय, खोकून खोकून उलटी होतेय, छाती वाजतेय, रात्रभर झोपलं नाहीये, तर घरी आणि डॉक्टरांकडे. दमा असलेल्या मुलाचा पंप दप्तरात आहे का आणि टीचरना तो द्यायचा कसा माहीत आहे का हे बघूनच पाठवा, आणि पंप दिल्यावरही तासादोनतासात परत लागतोय तर त्या दिवशी शाळा नाही.

घसा. थोडा खवखवतोय तर चालेल. ताप, गिळताना खूप दुखणं, गळ्याला गाठी, आणि सर्दी खोकला मात्र नाही, असं असेल तर स्ट्रेप नावाच्या बॅक्टेरियाचा घसा असू शकतो, तो डॉक्टरांनी बघायला हवा. तसा निघाला तर अँटिबायोटिक सुरू करून निदान १२ ते २४ तास झाल्यावर आणि ताप उतरल्यावर मूल जाऊ शकतं. बरं वाटलं तरी कोर्स अर्धवट सोडायचा नाही. दिवसातून तीनदा द्यायचं असेल तर शाळेआधी, शाळेतून आल्यावर आणि झोपताना असं बसवता येतं का ते डॉक्टरांना विचारा, बहुतेक वेळा येतं.

उलटी आणि जुलाब. इथे मी कडक आहे. शेवटची उलटी किंवा शेवटची पातळ शी झाल्यापासून निदान २४ तास घरी, आणि जमलं तर ४८. ब्रिटनमध्ये सरकारी आरोग्यसेवेचा सल्लाच ४८ तासांचा आहे, कारण नोरोव्हायरससारखे पोटाचे व्हायरस लक्षणं थांबल्यावरही शीतून बाहेर पडत राहतात आणि अगदी थोड्या जंतूंनी दुसऱ्याला लागण होते. त्यात सॅनिटायझरवर अवलंबून राहू नका, नोरोव्हायरसवर तो फारसा चालत नाही, साबण आणि पाण्याने वीस सेकंद हात चोळून धुणं हेच खरं. बसमध्ये मळमळून एकदा उलटी झाली किंवा खोकताना कफ पडला तर तो पोटाचा आजार नाही, त्याला हा नियम लावायचा नाही.

घरी असताना ओआरएस. पुडीवर लिहिलंय तेवढ्याच पाण्यात, एक लिटरची पुडी असेल तर पूर्ण एक लिटरमध्ये, अर्धी पुडी अंदाजाने ग्लासात नाही. उलटी झाली की दहा मिनिटं थांबा आणि मग चमच्याचमच्याने द्या, घटाघट दिलं की परत बाहेर येतं. बनवलेलं २४ तासांनी टाकून द्या.

पोटदुखी, पण उलटी नाही जुलाब नाही. आधी शी कधी झाली होती ते विचारा, कडक शी आणि दोनतीन दिवस साफ नाही हे मुलांच्या पोटदुखीचं फार कॉमन कारण आहे. बेंबीजवळ मोघम दुखतंय, आणि बोलण्यात गुंतवलं की विसरतंय, तर बहुधा पाठवता येतं. पण दुखणं बेंबीपासून सरकून उजव्या बाजूला खाली गेलं, मूल वाकून चालतंय, एका पायावर उडी मार म्हटलं तर दुखतंय म्हणून मारतच नाही, तर अपेंडिक्स असू शकतं, वाट बघू नका.

डोळे आलेत. इथे शाळाशाळांचे नियम खूप वेगळे आहेत. वैद्यकीय सल्ला आता बराच सैल झालाय, मूल बाकी बरं असेल, ताप नसेल तर नुसत्या लाल डोळ्यांसाठी घरी ठेवायलाच पाहिजे असं नाही म्हणतात. पण लहान मुलं डोळे चोळतात आणि तोच हात शेजारच्याला लावतात, त्यामुळे चिकट पिवळा पू येतोय, सकाळी चिपडांनी पापण्या चिकटतायत तोवर मी घरीच ठेवते. डोळा दुखतोय, उजेड सहन होत नाही किंवा धूसर दिसतंय तर डॉक्टर, त्याच दिवशी. टॉवेल आणि उशी वेगळी करा.

कान. कानाचं इन्फेक्शन एकाकडून दुसऱ्याला लागत नाही. ताप नाही आणि ठणका थांबलाय तर पाठवा.

अंगावर पुरळ. पुरळासोबत ताप असेल तर काय आहे ते कळेपर्यंत शाळा नाही, हा एकच नियम पाठ करा. बाकी ओळखीचे आजार असे. कांजिण्यांमध्ये फोड यायच्या एकदोन दिवस आधीपासून लागण सुरू होते आणि सगळ्या फोडांवर खपली धरेपर्यंत राहते, साधारण पाचसात दिवस, त्यामुळे एकही ओला फोड असेपर्यंत घरी. गोवरात पुरळ आल्यापासून चार दिवस. गालगुंडात सूज आल्यापासून पाच दिवस. हात, पाय आणि तोंडात फोड येतात तो आजार (डॉक्टर त्याला हँड फूट माउथ म्हणतात) असेल तर ताप गेला, मूल खातंय आणि तोंडातून सतत लाळ गळत नाहीये, तर बऱ्याच ठिकाणी शाळेत चालतं, पण काही शाळा फोड सुकेपर्यंत घेत नाहीत, विचारून घ्या. त्याचे जंतू शीतून कितीतरी आठवडे जात राहतात, म्हणून पूर्ण संपेपर्यंत घरी ठेवणं शक्यच नसतं, हात धुणं चालू ठेवायचं. खरूज असेल तर पहिला उपचार झाल्यावर जाता येतं, पण घरातल्या सगळ्यांनी एकाच वेळी उपचार करायचा, नाहीतर फिरून फिरून येते.

कांजिण्या, गोवर असं काही निघालं तर शाळेला लगेच आणि नाव घेऊन कळवा, नुसतं बरं नाहीये असं नको. वर्गात एखाद्या मुलाची प्रतिकारशक्ती औषधांमुळे कमी असू शकते, एखाद्या टीचर गरोदर असू शकतात, त्यांच्यासाठी ही माहिती वेळेत मिळणं खूप मोठी गोष्ट आहे. लाज वाटायचं यात काहीच नाही.

उवा. उवांसाठी शाळा बुडवायची गरज नाही. घरी आल्यावर औषध लावा, ओल्या केसांतून बारीक फणी फिरवा, जवळच्या मैत्रिणींच्या घरी सांगा. उवा उडत नाहीत, डोक्याला डोकं लागून जातात, आणि अस्वच्छतेशी त्यांचा संबंध नाही, त्यामुळे मुलीला ओरडू नका.

पायरी ७: खरंच दुखतंय की शाळा नकोय?

हा प्रश्न येतोच आणि त्यात मुलाला खोटं ठरवायची घाई करू नका. धास्तीने पोट खरंच दुखतं, मूल नाटक करत नसतं. ओळखायचं कसं तर दुखणं कधी येतं ते बघा. सोमवारी सकाळी येतं, शनिवार रविवार नाही, आज घरी राहा म्हटलं की अर्ध्या तासात गायब, ताप नाही, वजन कमी होत नाही, रात्री दुखण्याने झोपेतून उठत नाही, तर शाळेत काहीतरी आहे. बाथरूमला जायची भीती असते, कोणी चिडवत असतं, बसमध्ये कोणी त्रास देतं, एखाद्या तासाची धास्ती असते. माझ्या मुलाचं दोन आठवडे गुरुवारी पोट दुखायचं आणि शेवटी कळलं की गुरुवारी फळ्यावर जाऊन गणित सोडवायला लागायचं.

अशा वेळी शक्यतो पाठवा, कारण घरी ठेवलं की भीती वाढत जाते, पण त्याच दिवशी टीचरशी बोला आणि संध्याकाळी मुलाशी निवांत बोला, शाळेत काय झालं असा थेट प्रश्न नको, आज डबा कोणाशेजारी बसून खाल्लास असं विचारलं तर जास्त कळतं. घरी ठेवायची वेळ आलीच तर तो दिवस आरामाचा असू दे, दिवसभर मोबाईल टीव्ही असा नको. रात्री दुखण्याने जाग येत असेल, वजन घटत असेल किंवा शीतून रक्त जात असेल तर मात्र हे शाळेचं नाही, तपासून घ्या.

पायरी ८: ही लक्षणं असतील तर शाळेचा विचारच नको, दवाखाना

श्वास जोरजोरात चालू आहे, बरगड्यांमधली जागा आत ओढली जातेय, नाकपुड्या फेंदारतायत, ओठ निळसर दिसतायत. मूल नीट जागंच होत नाही, ग्लानीत आहे. मान पुढे वाकवता येत नाही, डोकं खूप दुखतंय. लालजांभळे ठिपके आलेत आणि काचेचा ग्लास दाबून बघितला तरी ते फिके होत नाहीत. आठ तासांत शू झालेली नाही, रडताना डोळ्यात पाणी नाही. उलटीतून किंवा शीतून रक्त. १०४ च्या वर ताप, किंवा कितीही असला तरी तीन दिवसांपेक्षा जास्त चाललेला ताप.

आकडी आली तर मुलाला कुशीवर वळवा, तोंडात काहीही घालू नका, चमचा नाही पाणी नाही, आणि घड्याळ बघा, पाच मिनिटांच्या वर गेली तर लगेच ॲम्ब्युलन्स. सहा महिने ते पाच वर्षांच्या मुलांना तापात आकडी येऊ शकते, बहुतेकांची त्याआधीच आपोआप थांबते, तरी पहिल्यांदा आली असेल तर डॉक्टरांना दाखवायचंच.

आणि डेंगूची शंका असेल तर हे नीट लक्षात ठेवा की त्यात ताप उतरतो तेव्हाच धोक्याचे दिवस सुरू होतात. ताप गेला म्हणून शाळेची तयारी करत असताना मूल पोट खूप दुखतंय म्हणतंय, सारखी उलटी होतेय, हिरड्यातून नाकातून रक्त येतंय, हातपाय गार पडलेत, तर ती इमर्जन्सी आहे.

पायरी ९: घरी ठेवलं, आता पुढे

शाळेला सकाळीच मेसेज करा, काय झालंय, कधीपासून आहे, डॉक्टरांनी काही नाव सांगितलं असेल तर ते. चिठ्ठी लागणार असेल तर डॉक्टरांकडे गेल्यागेल्याच मागा, नंतर परत चक्कर पडते. अभ्यासाचं त्या दिवशी काही विचारू नका. परीक्षा असली तरीसुद्धा, आणि हे मी पालकांच्या रागाची पर्वा न करता म्हणतेय, तापात दिलेल्या पेपराचा काही उपयोग होत नाही आणि बहुतेक शाळा चिठ्ठी दिल्यावर पुन्हा परीक्षा घ्यायचा मार्ग काढतात. आधी बोलून बघा. उपस्थितीचं बक्षीस मिळावं म्हणून आजारी मूल पाठवणारे आईबाप मी बघितलेत, मुलालाच त्या बक्षिसाची हाव लागलेली असते, त्याला समजावून सांगा की आज घरी थांबणं हे मित्रांसाठी पण आहे.

पाणी वरचेवर द्या, खायचा आग्रह नको, एकदोन दिवस कमी खाल्लं तर काही बिघडत नाही, पिणं मात्र थांबता कामा नये. ताप, औषधाची वेळ, उलट्या आणि शू किती वेळा, एका कागदावर लिहीत राहा, डॉक्टर पहिलं हेच विचारतात.

परत पाठवाल त्या दिवशी पाण्याची बाटली भरून द्या, टीचरना चिठ्ठी द्या की आज मैदानावर पळवू नका, आणि फोन जवळ ठेवा. फ्लूनंतर ताप जाऊनही आठवडाभर थकवा राहतो, मूल घरी येऊन सरळ झोपलं तर झोपू दे. त्या दिवशी संध्याकाळी एकदा ताप मोजा. एकदोन दिवस पूर्ण बरं असलेल्या मुलाला परत नव्याने ताप चढला तर तो जुनाच आजार उलटला असं धरून घरगुती औषधावर ठेवू नका, सर्दीमागून कानात किंवा छातीत इन्फेक्शन उतरल्याचं ते लक्षण असू शकतं, दुसऱ्या दिवसाची वाट न बघता दाखवून या आणि २४ तासांचं घड्याळ पुन्हा पहिल्यापासून लावा.